सारखी निळी स्क्रीन येतेय, रॅम बदलू का?

राजवाडा_वाला: घरचा डेस्कटॉप आहे, विंडोज १०, ८ जीबीच्या दोन रॅम (मेमरीच्या स्टिक). आठवडाभर रोज दोन-तीनदा निळी स्क्रीन येऊन आपोआप रीस्टार्ट होतो, खाली मेमरी मॅनेजमेंट असं काहीतरी लिहून येतं. दुकानदार म्हणाला फॉरमॅट मारा, मारला, ५०० रुपये गेले आणि संध्याकाळी परत तेच!

पोहे_जिलबी: भिया, फॉरमॅटने हार्डवेअर थोडीच दुरुस्त होणारे. आधी प्लग काढ, दोन्ही रॅम काढून सोनेरी पट्टी खोडरबरने हलक्या हाताने पूस, मग एकेकच लावून चालवून बघ. एकीवर चालला आणि दुसरीवर पडला तर चोर सापडला. दोन्हीवर पडला तर रॅम लावायचा स्लॉट बदलून बघ. रात्री रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ पेनड्राइव्हवरून लावून झोप, एक जरी एरर आली तरी बहुतेक ती रॅम गेली समज. बायोसमध्ये (पीसी चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमचा वाढीव स्पीड, चालू असेल तर आधी बंद कर हां.

माळवी_माणूस: मिनीडंप फोल्डरही बघा, क्रॅशच्या नोंदी तिथे असतात, कधी दोषी ड्रायव्हरच निघतो.

राजवाडा_वाला: एक रॅम काढली, दोन दिवस शांत आहे! काढलेलीवर वॉरंटी निघाली, इंदूरच्या कॉम्प्युटरवाल्या सिल्व्हर मॉलला चक्कर मारतो. तो ५०० वाला मात्र आता फोन उचलत नाहीये 😅