ऐरोलीत राहतो, बाळंतपण कळव्याला. जन्मदाखला कुठे मिळेल?

ऐरोलीकर_बाबा (२४ जून २०२०)
मंडळी, एप्रिलमध्ये मुलगी झाली. बायको बाळंतपणाला माहेरी कळव्याला होती, तिथल्याच एका नर्सिंग होममध्ये बाळंत झाली. आता मेडिक्लेममध्ये बाळाला घालायला एचआर दाखला मागतोय. कोरोनाचा लॉकडाऊन टप्प्याटप्प्याने सैल करायच्या 'मिशन बिगिन अगेन'मध्ये सरकारी कार्यालयं १५ टक्के माणसांवर चालू झाली असं वाचलं. दाखल्याची खिडकी त्यात येते का? ऐरोलीच्या विभाग कार्यालयात जायचा विचार आहे, पण घरात आई पासष्टीची. बाहेर पडून हात हलवत परत यायचं नाही.

घणसोली_फास्ट
आता सगळं ऑनलाइन आहे हो. घरबसल्या काढा.

खिडकी_नंबर_३
जन्म-मृत्यू नोंदणीच्या टेबलावर बरीच वर्षं बसलोय (कुठल्या महापालिकेत ते विचारू नका), म्हणून जरा लांबण लावतो.

ऐरोलीला जाऊच नका. जन्म जिथे झाला तिथेच नोंद होते, आईबाप राहतात कुठे ते कोणी बघत नाही. कळवा म्हणजे ठाणे महापालिका, तेव्हा चौकशी कळवा प्रभाग समितीत. मुलुंडला बाळंतपण झालं असतं तर मुंबई महापालिकेचा टी वॉर्ड गाठावा लागला असता.

१५ टक्क्यांचं म्हणाल तर ३१ मेच्या आदेशात पोलीस, आरोग्य, महापालिका सेवा त्यातून वगळल्यात. गरजेप्रमाणे माणसं लावायची मुभा आहे. गोम अशी, की गरज सध्या दुसरीकडेच आहे. आमच्याकडची निम्मी माणसं घरोघरच्या सर्वेक्षणाला नाहीतर विलगीकरण केंद्रावर. खिडकी उघडी दिसते, मागे रजिस्टर ओढणारा एकटाच. तोही मृत्यूच्या नोंदी आधी उरकतो. तसा काही आदेश नाही, पण बँक, विमा, पेन्शन सगळं त्या एका कागदावर अडतं, आणि समोर उभ्या माणसाला 'पुढच्या आठवड्यात या' म्हणवत नाही. मग जन्म. विवाह नोंदणी माझ्या हातात असती तर सगळ्यात शेवटी उघडली असती. नवरा-बायको आणि तीन साक्षीदार, म्हणजे एका अर्जामागे पाच जण काचेला नाक लावून. वर हौसेने आलेली करवली वेगळीच.

तुम्ही आधी नर्सिंग होमला फोन करा. दवाखान्यातला जन्म कळवायची जबाबदारी त्यांची, मुदत २१ दिवसांची. कळवला असेल तर नोंदणी क्रमांक मागून घ्या, मग दाखला आज निघाला काय नि पंधरा दिवसांनी निघाला काय. राहून गेलं असेल तर मात्र ३० दिवस केव्हाच उलटलेत. लेखी परवानगी, प्रतिज्ञापत्र, सगळं आलं. तसं असेल तर उद्याच निघा.

घणसोलीकर, नोंदच नसेल तर ऑनलाइन छापणार काय?

ऐरोलीकर_बाबा
लगेच फोन लावला. मुदतीत पाठवलंय म्हणाले, क्रमांक उद्या देतील. दुसरी अडचण अशी, की लॉकडाऊनमुळे बारसंच झालेलं नाही. आत्या नागपूरला अडकलीय आणि ती आल्याशिवाय नाव ठेवायचं नाही असं आईने बजावलंय. नावाशिवाय दाखला देतात?

खिडकी_नंबर_३
देतात की. नावाचा रकाना कोरा राहतो. नोंदणीपासून वर्षभरात कधीही नाव घाला, शुल्क नाही. फक्त कोऱ्या नावाचा दाखला एचआरला चालतो का ते आधी विचारा, नाहीतर दोनदा यावं लागेल. आत्याबाईंना सावकाश येऊ द्या. घाईत ठेवलेलं नाव बदलायला येणारे आम्ही रोज बघतो, त्याला कागद जास्त लागतात.

कळव्याची_सून
याल तेव्हा पावसाचा अंदाज बघून या. जोराची सर आली की विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरतं, मग गाडी ना इकडे ना तिकडे. स्कूटरवर एकटेच या, सध्या मागे कोणी बसलेलं चालत नाही. आणि पेन घरून आणा, तिथे कोणी कोणाला देत नाही.