कोकणात काम नाही हे खरंच खरं आहे का?

खाडीकाठ:
२००१ ते २०११ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या जवळपास १६ टक्क्यांनी वाढली, पण मुंबई शहर सोडलं तर घटली फक्त दोन जिल्ह्यांत, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. रत्नागिरी साधारण १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. आणि तरी आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, बोटीवर खलाशी नेपाळी, चिऱ्याच्या म्हणजे जांभ्या दगडाच्या खाणीवर कर्नाटकातली माणसं. म्हणजे काम आहे ना? आमच्या वाडीत निम्म्या घरांना कुलूप आहे, गणपतीला उघडतात आणि गौरी गेल्या की परत बंद. "गावात काय आहे" हे पालुपद आता बंद करा, आपल्या पोरांना मुंबईची सवय लागलीय एवढंच.

दिवा फास्ट:
सवय? ठाण्यापुढच्या दिवा स्टेशनवर सकाळी लोकलमध्ये चढून दाखवा मग सवयीबद्दल बोलू. खलाशी ऑगस्टमध्ये बोटीवर येतो, १ जूनला मासेमारी बंदी लागली की घरी जातो. बागेतला गुरखा बायकापोरांसकट खोपीत राहतो, आंबा संपला की त्याचंही काम संपलं. ह्या पगारावर तुम्ही तुमच्या मुलाला बारावीच्या पुढे शिकवाल का? माझे वडील गिरणीत होते, ८२ च्या संपानंतर गावी परत आले, भात लावला, डुकरांनी खाल्ला, परत मुंबई गाठली. हौस म्हणून कोणी गेलं नाही.

वाडीवरची सून:
तुम्ही दोघं पुरुषांचंच बोलताय. २०११ ला रत्नागिरीत हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात ९२९. हे काही मुलींचं कौतुक म्हणून नाही, पुरुष मुंबईला म्हणून. लावणी, गुरं, सासूसासऱ्यांचं औषधपाणी, ग्रामसभा सगळं आमच्याच अंगावर, आणि आमच्याकडे वाड्या अशा विखुरलेल्या की एका गावच्या दोन वाड्यांमध्ये डोंगर. पावसात सासऱ्यांना रात्री धाप लागली, रस्त्यापर्यंत खुर्चीवर उचलून न्यायला चार माणसं लागतात, वाडीत दोनच होती, त्यातला एक पंचाहत्तरीचा. तिसरा आणि चौथा कोण, तर वरच्या बागेतले नेपाळी भाऊ. म्हणून खाडीकाठ, त्यांना "बाहेरचे" म्हणताना जरा जपून.

खाडीकाठ:
वहिनी, त्यांच्याविरुद्ध मी एक शब्द बोललो नाहीये, उलट ते आहेत म्हणून बागा उभ्या आहेत. माझा राग कुलपांवर आहे. आमच्या सातबाऱ्यावर पणजोबांपासूनची सगळी नावं सामाईक पडलीत, अर्धे विरार नालासोपाऱ्याला, काजू लावायला कर्ज काढायचं तर सह्या मिळत नाहीत, वाटप करूया म्हटलं की "गणपतीला आल्यावर बघू". आणि हेच लोक जमीन विकायची म्हटली की आठ दिवसांत गाडी करून येतात! स्वतः कसायचं नाही, दुसऱ्याला कसू द्यायचं नाही.

दिवा फास्ट:
सातबाऱ्याचं पटलं, माझंही नाव असंच अडकलंय. पण सही न करायचं कारण लोभ नाही सगळ्यांचं, गावातली ती दीड गुंठा जागा हाच आमच्या हातातला शेवटचा आधार आहे, दिव्याची खोली तर अनधिकृत बिल्डिंगमध्ये आहे.

मतदार:
एक मुद्दा कोणी घेतला नाही. २००८ च्या मतदारसंघ पुनर्रचनेत रत्नागिरीतले खेड आणि संगमेश्वर हे विधानसभा मतदारसंघच गेले, कारण जागा लोकसंख्येवर ठरतात. आता २०२७ च्या जनगणनेत आपण अजून कमी भरलो तर पुढच्या वेळी रस्ता आणि दवाखाना मागायला आवाजच कमी उरेल.

दिवा फास्ट:
मग काय, मोजायला येतील तेव्हा नाव लिहायला गावी यायचं का? जो जिथे राहतो तिथेच मोजला जाणार. आधी तालुक्याच्या दवाखान्यात रात्री डॉक्टर द्या, मुलाला चांगलं कॉलेज द्या, मी स्वतः कुलूप काढते.

वाडीवरची सून:
आणि तोपर्यंत वाटपाच्या कागदावर सही तरी करून पाठवा ताई. तेवढ्याला दवाखाना लागत नाही.