नव्या पीसीवर पॅरलल पोर्ट, जुना प्रोग्रॅम सारखं 'कागद संपला' म्हणून रायला

काटेवाला_हिंगणघाट:
राजेहो, मदत करा जरा. मी जिनिंगच्या वजनकाट्यावर आहो. तीन कॉपीची कार्बन पावती लागते म्हणून डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच वापरतो. दिवाळीआधी जुना पीसी विजेनं गेला, नव्या बोर्डावर पॅरलल पोर्टच (जुन्या प्रिंटरची रुंद केबल लागते तो) नाही म्हणून पीसीआय एक्सप्रेसचं कार्ड टाकलं, लिनक्स तेच हाय. प्रोग्रॅम सी मध्ये, एका पोरानं कधीचाच लिहून देला होता, आयओपर्म (पोर्टाले हात लावायची परवानगी) घेऊन सरळ ३७८ या पोर्टाच्या पत्त्यावर आउटबी करते, म्हणजे बाइट लिहिते. आता पावती मारली की "कागद संपला" येते. कागद भरून हाय! रूटनं चालवलं तरी तेच, प्रिंटर बंद ठेवून पाह्यला तरी तेच. काल कापसाचे ट्रॅक्टर लायनीत न मी हातानं पावत्या लिहून रायलो, काहून होत असन असं?

विदर्भी_पोरगा:
यूएसबी टू पॅरलल केबल लावून टाक न भाऊ, कार्डाची झंझटच नाही.

एम्बेडेड_ताई:
केबल नको. ती लिनक्सला यूएसबी प्रिंटर म्हणून दिसते, ३७८ वर आउटबी करणाऱ्या प्रोग्रॅमला तिचा काहीच उपयोग नाही.
दादा, प्रिंटर बंद असताना पण तेच येतं म्हणालात ना, उत्तर तिथंच आहे. स्टेटस म्हणजे प्रिंटरची स्थिती सांगणारा पत्ता ३७९ वाचून पाहा, एफएफ (हेक्समध्ये आठही बिट एक) येत असेल. त्या पत्त्यावर कोणीच नसलं की सगळे बिट एक वाचले जातात, आणि शून्यापासून मोजून पाचवा बिट एक म्हणजे कागद संपला. प्रिंटर तयार असला तर सहसा डीएफ (पाचवा बिट शून्य) येतो. (सातवा बिट बिझीचा, तो हार्डवेअरमध्येच उलटा आहे, तिथं एक म्हणजे मोकळा.)
३७८ हा जुन्या बोर्डांचा ठरलेला पत्ता. पीसीआय कार्डाला पत्ता बूट होताना मिळतो, एलएसपीसीआय व्ही (lspci -v, कार्डांची यादी दाखवणारी आज्ञा) केलं की आयओ पोर्ट्स मध्ये दिसेल. पण नुसता आकडा बदलू नका हो, कार्ड दुसऱ्या स्लॉटमध्ये गेलं की पुन्हा हेच! पत्ता लिनक्सच्या पार्पोर्ट पीसी ड्रायव्हरला माहीत असतो, त्याच्यावर प्रिंटरचं एलपी मॉड्यूल बसतं. तुम्ही डेव्ह एलपी झिरो (/dev/lp0, प्रिंटरची फाइल) उघडून साध्या फाइलीसारखं लिहा. डेटा ठेवायचा, स्ट्रोब (डेटा तयार आहे असं सांगणारी तार) किमान अर्धा मायक्रोसेकंद खाली ओढायचा, बिझी उतरायची वाट पाहायची, हे सगळं ड्रायव्हर करतो. रूट पण नको, युजरला एलपी ग्रुपमध्ये टाका.

जुना_मेकॅनिक:
ताई बरोबर. एक माझ्याकडून, केबल काढताना-लावताना दोन्हीकडचं बटन बंद ठेवजा. चालू मशीनवर ओढाताण करून पोर्ट जळलेले लय पाह्यले मी.

काटेवाला_हिंगणघाट:
ताई, ३७९ वर एफएफच होतं! कार्डाचा पत्ता डी०१० निघाला. आउटबीची सगळी लफडी काढली, फाइल उघडून लिहिलं न पावती निघाली, तिन्ही कॉप्यांवर वजन साफ उमटलं. मुद्दाम कागद काढून पाह्यला तर प्रोग्रॅम थांबून रायला, डीमेसगमध्ये (लिनक्सच्या नोंदींत) 'आउट ऑफ पेपर' आलं. कागद चढवला न बाकीच्या ओळी तिथूनच निघाल्या.