मदत हवी आहे: रस्त्यावरच्या मिठापासून गाडीचा रंग कसा वाचवायचा? (मिसिसागा, कॅनडा)

नमस्कार मंडळी,

गेल्या वर्षी ऑगस्टमध्ये आम्ही पुण्याहून मिसिसागाला आलो आणि महिनाभरात सहा वर्षं जुनी सेदान घेतली, गडद निळी. गाडीने पहिला हिवाळा बिनतक्रार काढला. चुकलो आम्हीच, डिसेंबर ते मार्च ती एकदाही नीट धुतली नाही. दर शनिवारी ठरवायचं, बाहेर उणे बारा बघायचं आणि पुन्हा चहा टाकायचा. गाडी निळी आहे हे एप्रिलच्या पावसात परत कळलं.

परवा मागच्या डाव्या चाकाच्या कमानीवरून हात फिरवला तर रंगाखाली फुगा लागला, चार आण्याएवढा. नखाने दाबला तर टिचला आणि आतून तांबूस पाणी आलं. बॉनेटच्या पुढच्या कडेला खडीने उडालेले टवके वेगळेच. सात मोजले, त्यातल्या दोघांत तपकिरी ठिपका धरलाय.

मी मूळची रत्नागिरीची, त्यामुळे खारं हवामान लोखंडाचं काय करतं ते बघतच वाढले. पावसाळ्याआधी बाबा जीपला खालून जळकं ऑइल मारून घ्यायचे. मग आठवडाभर अंगणात काळे थेंब आणि आईची बोलणी. पण इथे बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकाखालून फवाऱ्यासारखं उडतं आणि चार महिने उडतच राहतं. त्याला काय करतात?

मेण लावू की सिरॅमिक कोटिंग करून घेऊ? एक डीलर साडेनऊशे डॉलरचं 'रस्टप्रूफिंग पॅकेज' गळ्यात मारतोय, खालून काळा रबरी थर आणि बॅटरीला जोडायची एक इलेक्ट्रॉनिक डबी. टवके आणि फुगा टच-अप पेनने झाकले तर भागेल का? इमारतीखाली गरम पार्किंग आहे, म्हणजे निदान रात्री तरी गाडी सुरक्षित, बरोबर ना?

— सडा_माती

टोरांटोकर_जुना
शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण तिथेच बहुतेक जण फसतात. गरम पार्किंग गाडीला वाईट. बाहेर उणे पंधरात चिकटलेला बर्फ आणि मीठ गोठून असतात, गंज जवळजवळ झोपलेला असतो. तीच गाडी तळघरात आणली की सगळं वितळून खारं पाणी सांध्यासांध्यात झिरपतं आणि रात्रभर उबेत बसतं. पार्किंग सोडा असं म्हणत नाही, मीही सोडलेलं नाही. पण खाली उतरण्याआधी गाडी खालून धुतलेली असली तर फार फरक पडतो.

मीठभाकर
आपल्या ओंटारिओ प्रांतातच गोडरिचला ह्युरॉन सरोवराच्या तळाखाली सुमारे ५५० मीटरवर जगातली सर्वांत मोठी भूमिगत मिठाची खाण आहे, १९५९ पासून चालू. त्यामुळे तुमच्या गाडीने बहुधा घरचंच मीठ खाल्लंय. त्या मिठाला ती जागणार नाही, एवढं लिहून ठेवा.

पत्रेवाला
मी मिशिगनमध्ये गाड्यांच्या पेंट शॉपमध्ये १४ वर्षं काढली, म्हणून जरा लांबण लावतो.

अखंड रंगाला मीठ फारसं काही करत नाही. कारखान्यात पत्र्यावर आधी जस्ताचा मुलामा असतो. मग अख्खा सांगाडा टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने प्रायमर, म्हणजे रंगाखालचं अस्तर, बसवतात, त्याला आम्ही ई-कोट म्हणतो. त्यावर दुसरा प्रायमर, रंग आणि शेवटी क्लिअर कोट, म्हणजे पारदर्शक थर. एवढं सगळं मिळून जाडी भरते शंभर-सव्वाशे मायक्रॉन, म्हणजे प्रिंटरच्या एका कागदाएवढी. खडी लागली की हा कागद फाटतो आणि खाऱ्या पाण्याला थेट पत्रा मिळतो. तेव्हा काळजी टवक्यांची आणि पाणी साचणाऱ्या दुमडींची करा, चमक राहू द्या.

दुसरं म्हणजे आता नुसतं कोरडं मीठ टाकत नाहीत. बर्फ पडण्याआधीच रस्त्यावर मिठाचं पाणी मारून ठेवतात, साधारण २३ टक्क्यांचं. साधं मीठ उणे ९-१० च्या खाली फार हळू काम करतं, म्हणून कडक थंडीत कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरतात. पावसाळ्यात मिठाच्या बरणीला पाणी सुटतं ना, ते मिठातल्या मॅग्नेशियमच्या क्षारामुळे. तोच प्रकार तुमच्या चाकाच्या कमानीत चालतो. हवेतलं पाणी ओढून तो थर ओला राहतो, रस्ता कोरडा दिसला तरी.

फुग्यावर पेन फिरवू नका. तिथे गंज दुमडीच्या आतून बाहेर आलाय, वरून रंग लावलात तर मार्चपर्यंत दुप्पट होईल. सुटा रंग खरवडा आणि ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासा. बारीक स्क्रू ड्रायव्हरने टोचून बघा. आत गेला तर पत्रा कापून वेल्डिंग, ते काम गॅरेजचं. नाही गेला तर खाचांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंज थोपवणारं रसायन), मग प्रायमर, रंग, क्लिअर.

बॉनेटचे टवके सोपे आहेत. स्पिरिटने पुसून घ्या. जिथे तपकिरी दिसतंय तिथे आधी टोकाने गंज काढा, नुसतं झाकू नका. बाटलीतल्या ब्रशने टिकली लावल्यासारखं मोठं बोंडुक होतं, म्हणून टूथपिकच्या टोकाने थेंब सोडा. दोन-तीन पातळ थर, प्रत्येक नीट वाळू द्या. रंगाचा कोड ड्रायव्हरच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. दहा अंशांच्या खाली रंग नीट वाळत नाही, तेव्हा ऑक्टोबर संपायच्या आत उरका.

रबरी थर नव्या, कोरड्या पत्र्यावर ठीक. सहा वर्षांच्या गाडीवर तो आतल्या गंजावर पांघरूण घालतो, पुढे तडकतो आणि पाणी आत धरून ठेवतो. डबीचे पैसे वाचवा. तुमचे बाबा बरोबर होते! इथे तेच काम स्वच्छ तेलाने करतात. ओंटारिओत क्राऊन, रस्ट चेक वगैरे कंपन्या दरवर्षी फवारून देतात, दारांच्या पोकळीतसुद्धा. स्वतः करायचं तर मेंढीच्या लोकरीतल्या लॅनोलिनचे स्प्रे मिळतात. जळकं ऑइल मात्र इथे नको. त्यात इंजिनातली आम्लं असतात आणि ते गटारात गेलं तर दंड. दारांच्या खालच्या कडेला पाणी जायची भोकं असतात, ती काडी घालून मोकळी आहेत ना बघा. हे फुकटचं काम कोणी करत नाही.

सोशिक_ग्राहक
सिरॅमिक मी केलंय. गाडी धुणं सोपं झालं, मळ पटकन सुटतो, इतकंच. टवका त्याने थांबत नाही, त्यासाठी बॉनेटच्या पुढच्या भागाला पारदर्शक फिल्म लावावी लागते. बजेट आखडतं असेल तर नोव्हेंबरच्या आधी चांगलं पेंट सीलंट लावा, हिवाळा निघतो. साधं मेण महिना-दोन महिन्यांत उतरतं.

विनिपेगची_वहिनी
आमच्याकडे उणे तीसला मीठ चालतच नाही, वाळू टाकतात. म्हणून आमच्या गाड्यांना ओरखडे जास्त, तुमच्या गाड्यांना गंज जास्त. आपापलं नशीब.

धुण्याबद्दल सांगते. शून्याच्या वर जाणारा दिवस पकडायचा, नाहीतर दारं गोठून बसतात. नाणी टाकून धुण्याच्या जागी आधी खालून आणि कमानींत पाणी मारायचं, निथळणारं पाणी करडं दिसायचं थांबेपर्यंत, मग वरून. तिथला फेसाचा ब्रश हातात घेऊ नकोस गं, आधीच्या माणसाच्या पिकअपची सगळी वाळू त्यात असते. मीठ कोरडं असताना फडक्याने पुसायचं नाही, तो पॉलिश पेपरच होतो. धुऊन झालं की दारांची रबरं कोरडी करायची. रबरांना हिवाळ्याआधी सिलिकॉनचं बोट फिरवून ठेवलं तर चिकटत नाहीत.

आणि आतलं विसरू नकोस. बुटांबरोबर येणारं मीठ कार्पेटखाली जातं आणि पत्रा आतून खातं. उंच कडांचे रबरी मॅट घे, दर आठवड्याला ओत. पांढऱ्या डागांवर व्हिनेगर आणि कोमट पाणी निम्मं-निम्मं.

सडा_माती
सगळ्यांचे मनापासून आभार! डीलरला नाही म्हणाले. शनिवारी सोळा अंश होते, बसले पार्किंगच्या बाहेर पॉलिश पेपर घेऊन. चार आण्याचा फुगा घासता घासता आठ आण्यांचा झाला, पोटात गोळा आला. पण स्क्रू ड्रायव्हर आत गेला नाही. टूथपिकने टवके भरले, पाच छान जमले, दोन टिकलीसारखे दिसतात. ड्रायव्हरच्या दाराची दोन्ही भोकं चिखलाने बुजलेली होती, काडी घातल्यावर कपभर पाणी आलं! वहिनी, तुमच्या हुकमाप्रमाणे मॅट मागवले.

बुधवारी तेल फवारून आणलं. बाबांना व्हिडिओवर दाखवलं तर म्हणाले, "एवढे डॉलर? बादलीभर ऑइल पाठवलं असतं."

आता नवीन प्रश्न. आज सकाळी वायपरखाली इमारतीच्या व्यवस्थापनाची चिठ्ठी होती, तुमच्या जागेवर तेल ठिबकतंय, ताबडतोब बघा. हे किती दिवस चालतं?

टोरांटोकर_जुना
दोन-तीन दिवस, कधी आठवडा. फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा अंथरा.

मीठभाकर
आणि आईला फोन करून सांगा, इथेही बोलणी बसली म्हणून.