शेजारच्या काकांनाच फ्लॅट द्यायचाय, किंमत किती सांगू?

कोथरूड, १९९४ ची इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही. कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ६१० चौरस फूट. बाबांनी घेतलेला. वरच्या मजल्यावरचे काका मुलासाठी मागतायत, म्हणाले, "अडुसष्टला देऊन टाक, घरातलंच आहे." एजंट पंच्याऐंशी म्हणतो, पण तो तर म्हणणारच! काकांशी रोज जिन्यात गाठ पडते, म्हणून हा सगळा घोळ.

सदाशिवपेठी: जाहिरातीतले आकडे सोडा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्च करून शेजारच्या सोसायट्यांचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या व्यवहारांचे किंमत-क्षेत्रासह उतारे, काढा. क्षेत्र बिल्टअप (भिंतींसकट) लिहिलंय की कार्पेट, ते आधी बघा. मी तिथेच फसलो होतो.

हिशेबनीस: रेडी रेकनरने, म्हणजे मुद्रांक शुल्कासाठीच्या सरकारी दराने, येणारं मूल्यही काढा. ती बाजारभावाची पावती नव्हे. पण ते मूल्य करारातल्या किमतीहून १० टक्क्यांपेक्षा जास्त वर गेलं, तर तुमचा भांडवली नफा रेकनरवरच धरतात. काकांनाही फरकावर कर बसू शकतो. आणि किंमत ५० लाख किंवा जास्त असली, तर १ टक्का टीडीएस (तुमच्या नावे सरकारात भरायचा कर) काकांनी कापायचा, विसरू नका.

मूळ प्रश्नकर्ती: सहा इंडेक्स टू काढले. लिफ्टवाले दोन वगळले. उरलेल्यांचा हिशेब एकोणऐंशीच्या आसपास येतोय. न्हाणीघराच्या भिंतीला ओल आहे, तिचे दोन लाख वजा करून कागद काकांसमोर ठेवला. काकांनी चष्मा लावून दोनदा वाचला. म्हणाले, "पार्किंग धरलंयस ना यात?"