ससा दबा धरतो का? रात्रीच्या शिकारीतील काही शब्द

टिळकवाडीकर :
इंग्लंडच्या उत्तर भागातील एका कुत्रेवाल्याच्या आठवणींमधले एक प्रकरण मी सध्या मराठीत आणत आहे. काळोख्या, वाऱ्याच्या रात्री एका हातात दिवा आणि दुसऱ्या हातात कुत्र्याची दोरी घेऊन हा गृहस्थ कुरणावर जातो, चरायला बाहेर पडलेल्या सशावर झोत टाकतो आणि वर्षभराच्या तरुण कुत्र्याला त्या झोतातून सोडतो. चांदण्याची रात्र त्याला चालत नाही, कारण चांदण्यात ससा माणसाला लांबूनच पाहतो. वारा मात्र त्याला हवा असतो, कारण वाऱ्याच्या आवाजात पावलांची चाहूल लागत नाही. झोत अंगावर पडला की काही ससे बिळाकडे धूम ठोकतात, तर काही जागच्या जागी कान पाठीला चिकटवून जमिनीशी सपाट होतात. नवख्या कुत्र्याला पहिल्या काही रात्री या दुसऱ्या प्रकारच्या सशावरच सोडावे, म्हणजे त्याला यश येऊन हुरूप वाढतो, असे लेखकाचे सांगणे आहे.

या सपाट झालेल्या सशासाठी मी ‘दबा धरून बसलेला ससा’ असे लिहिले होते. मसुदा वाचणाऱ्या माझ्या मामांनी, ज्यांचे बालपण खानापूर तालुक्यात गेले, त्या शब्दांखाली रेघ ओढून ‘ससा दबा धरत नाही’ एवढाच शेरा मारला. मला तो पटलेला नाही. ‘दबणे’ या क्रियापदातूनच जर ‘दबा’ आला असेल, तर जमिनीशी दबलेल्या प्राण्याला तो का नाकारावा? दुसरी अडचण या शिकारीच्या नावाची आहे. इंग्रजीत दिव्यावरूनच तिचे नाव पडले आहे. मराठीत काय म्हणावे?

खानापूरकर गुरुजी :
आपल्या मामांचा शेरा योग्य आहे. व्युत्पत्तीने शब्दाचे कूळ कळते, पण तो कोणाच्या तोंडी आणि कोणासाठी वापरायचा हे वहिवाट ठरवते. दबा धरतो तो झडप घालण्यासाठी. वाघ दबा धरतो, मांजर दबा धरते, वाटेवर चोर दबा धरून बसतात. ज्याला मारायचे नाही, केवळ जगायचे आहे, त्याने दबा धरला असे आमच्या तालुक्यात कोणी म्हणणार नाही. ससा दडतो, दबकतो किंवा अंग चोरतो. या तिन्हींतही फरक आहे. दडण्याला आडोसा लागतो, झुडूप किंवा बांध लागतो. उघड्या कुरणावर आडोसाच नसल्यामुळे तेथे ‘दडलेला ससा’ चालणार नाही. ‘दबकून बसलेला ससा’ लिहावे.

टिळकवाडीकर :
गुरुजी, ‘दबकणे’ तरी निव्वळ भित्र्याचे कोठे आहे? मांजर उंदराकडे दबकत दबकतच जाते. चोरसुद्धा दबकत येतो.

खानापूरकर गुरुजी :
‘दबकत येणे’ आणि ‘दबकून बसणे’ यांत क्रियापदाच्या रूपानेच अर्थ फिरतो. तरीही आपल्याला शंका ठेवायची नसेल, तर ‘अंग चोरून बसलेला ससा’ हा प्रयोग निर्दोष आहे. त्यात देह लहान करण्याची क्रिया डोळ्यांसमोर उभी राहते आणि हल्ल्याचा लवलेशही नाही.

निपाणीकर :
शिकारीच्या नावासाठी शोधाशोध कशाला करायची, हे मला कळत नाही. आमच्या भागात याला सरळ ‘बॅटरीवरची शिकार’ म्हणत. झोत टाकण्याला ‘बॅटरी मारणे’ म्हणतात आणि आजही रात्री पाणी पाजायला किंवा भुईमूग राखायला गेलेला माणूस शेजाऱ्याला ‘जरा इकडे बॅटरी मार’ असेच सांगतो. माझे आजोबा गॅसबत्तीच्या काळातल्या गोष्टी सांगत. उजेडात ससा कसा गांगरतो आणि त्याचा डोळा कसा तांबूस चमकतो, हे मी त्यांच्याच तोंडून ऐकले आहे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने आपल्याकडे सशाची शिकार हा गुन्हा ठरला आणि ते होणे गरजेचेच होते, परंतु शिकार बंद झाली म्हणून तिचे शब्दही पुसून टाकावेत असे मला वाटत नाही. ते शब्द म्हाताऱ्या माणसांबरोबर चालले आहेत. भाषांतरात तरी ते राहू द्यावेत.

शहापूरकर :
निपाणीकरांच्या भावनेचा मी आदर करतो, पण ‘बॅटरी’ या शब्दाला माझा ठाम विरोध आहे. ‘विजेरी’ हा सुटसुटीत, उच्चाराला गोड आणि पाठ्यपुस्तकांतून परिचित झालेला मराठी शब्द आपल्याकडे आहे. शिकारीसाठी तर ‘पारध’ हा अस्सल वारसा आहे. संस्कृत ‘पापर्द्धि’, त्यापासून प्राकृत ‘पारद्धि’ आणि तिच्यापासून आपली ‘पारध’ असा त्याचा प्रवास आहे. ज्या शब्दाच्या पोटात ‘पाप’ दडलेले आहे, तो अशा प्रकरणाला शोभून दिसेल. ‘झोतपारध’ हा शब्द मी सुचवतो. आपण सीमाभागातली माणसे मराठीसाठी इतकी वर्षे झगडत आहोत. मग आपल्या लेखनात तरी शब्द निवडताना हयगय होऊ नये.

निपाणीकर :
मराठीसाठी झगडणाऱ्यांच्या घरांतच ‘बॅटरी’ हा शब्द बोलला जातो. जो शब्द माझ्या आईच्या तोंडी आहे, तो परका कसा?

चिकोडीकर :
या वादात एक प्रत्यक्ष अडचण सुटून जात आहे. या शिकारीत दिवा हातात असतो आणि त्याला वीज पुरवणारी जड बॅटरी खांद्यावरच्या पिशवीत किंवा कमरेच्या पट्ट्याला असते. दोहोंमध्ये वायर असते. निपाणीकरांच्या म्हणण्याप्रमाणे दिव्यालाच ‘बॅटरी’ म्हटले, तर ‘बॅटरी उतरली’ हे वाक्य आले की वाचकाचा गोंधळ होईल. ‘विजेरी’ म्हटले, तर मुठीत मावणारी लहान वस्तू डोळ्यांपुढे येते. म्हणून हातातल्या वस्तूला ‘दिवा’, पिशवीतल्या वस्तूला ‘बॅटरी’ आणि उजेडाच्या पट्ट्याला ‘झोत’ असे तीन शब्द पहिल्याच परिच्छेदात पक्के करून घ्यावेत.

दुसरे म्हणजे, ज्या ‘ससा’ या शब्दावर आपण सर्वजण निर्धास्त उभे आहोत, तोच येथे पुरेसा नाही. आपल्या माळावरचा काळ्या मानेचा ससा बीळ खणत नाही. तो गवतात, झुडपाखाली अंगापुरती जागा करून बसतो, त्याची पिल्ले केसाळ आणि उघड्या डोळ्यांची जन्मतात, आणि पाठलाग झाला की तो मोकळ्या रानात वेगावर आणि वळणांवर भिस्त ठेवतो. या आठवणींतला ससा वेगळा आहे. तो कळपाने बिळांत राहतो, त्याची पिल्ले उघडी आणि मिटल्या डोळ्यांची असतात, आणि चाहूल लागताच तो बिळाकडे वळतो. कुत्र्याची सगळी परीक्षा तेथेच असते, कारण बीळ आणि ससा यांच्यामधले अंतर त्याला कापायचे असते. इंग्लंड आणि वेल्समधील 2004 च्या शिकारबंदीच्या कायद्यात या बिळातल्या सशाला कुत्र्याने धरण्याची, जमीनमालकाची परवानगी असल्यास, सूट आहे. तेथेही आपल्या माळावरच्यासारखा, बीळ न खणणारा दुसरा ससा असतो. त्याला ती सूट नाही. दोघांनाही नुसते ‘ससा’ म्हटले, तर तो लेखक कायद्याच्या आत आहे की बाहेर, हेच वाचकाला समजणार नाही. कानडीतही ‘मोल’ या एकाच शब्दात दोघे येतात, त्यामुळे शेजारून उसने घेण्याचीही सोय नाही.

शहापूरकर :
चिकोडीकरांचा मुद्दा मोलाचा आहे. संस्कृतात ‘शश’ म्हणजे आपला माळावरचाच ससा, आणि त्याच्या डागावरून चंद्राला ‘शशांक’ म्हटले गेले. ‘ससाणा’ हा शब्दही ‘शशादन’, म्हणजे ससा खाणारा, यापासून आला आहे. तेव्हा ‘ससा’ हा शब्द देशी प्राण्यासाठी राखून ठेवावा आणि परक्या प्राण्याला ‘बिळससा’ म्हणावे.

खानापूरकर गुरुजी :
‘बिळससा’ हा शब्द जिभेवर अडखळतो. एकदाच ‘बिळात राहणारा ससा’ असे स्पष्ट लिहून पुढे ‘ससा’ लिहीत गेल्यास काय बिघडते? दुसऱ्या जातीचा उल्लेख येईल तेथे ‘रानससा’ लिहावे.

चिकोडीकर :
बिळात राहणाराही तेथे रानातलाच असतो, गुरुजी. ‘रानससा’ म्हटल्याने फरक कळणार नाही. ‘माळससा’ कदाचित चालेल.

शहापूरकर :
‘पारध’ शब्दाविषयी अजून कोणीच मत दिलेले नाही.

चिकोडीकर :
तो शब्द मी तरी टाळेन. ‘पारधी’ हे एका समाजाचे नाव आहे. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्यामुळे अशा समाजांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला. 1952 मध्ये तो कायदा रद्द झाला, तरी लोकांच्या मनातला संशय गेला नाही. इंग्रज शेतकऱ्याच्या छंदाला ‘पारध’ म्हटले, की तो शब्द त्याच्या पोटातल्या पापासह विनाकारण या लोकांच्या अंगावर जातो. ‘शिकार’ हा शब्द फारसीतून आलेला असला, तरी तो आज सर्वांचा आहे.

शहापूरकर :
पापाविषयीचे माझे विधान त्या समाजाला उद्देशून नव्हते, हे येथे स्पष्ट करणे मला आवश्यक वाटते. परंतु समाजाचे नाव ज्या शब्दावरून पडले तो शब्दच आपण वापरायचा सोडला, तर त्या समाजाकडे असलेल्या रानाच्या ज्ञानाचे नावही आपण पुसतो. ‘वाघर’ म्हणजे शिकारीचे जाळे, हा शब्द आज किती जणांना माहीत आहे? तो ज्यांनी जपला, त्यांच्यामुळेच तो कोशात पोहोचला.

जांबोटीकर ताई :
मी कुत्री पाळते आणि शिकवते. आमच्याकडची कुत्री मुधोळ जातीची आहेत. ती घराच्या आणि काजूच्या बागेच्या राखणीसाठी आहेत, शिकारीसाठी नव्हेत, तरी शिकवण्याचे शब्द तेच लागतात आणि त्यांच्याविषयी येथे कोणी बोलले नाही म्हणून लिहिते.

टिळकवाडीकरांनी कुत्र्याच्या तयारीसाठी ‘चटक लावणे’ असे कोठे लिहिले असेल, तर ते काढून टाकावे. चटक वाईट गोष्टीची लागते. आमच्या भागात ‘नाद लागणे’ म्हणतात, त्यात वेड असते पण दोष दरवेळी नसतो. बैलाचा नाद, कुस्तीचा नाद, तसा कुत्र्याला धावण्याचा नाद असतो. शिकवणारा मात्र नाद लावत नाही, तो कुत्रा ‘तयार करतो’ किंवा ‘रुळवतो’. वर्षाच्या आत जोरात पळवले तर हाडे आणि सांधे दुखावतात, म्हणून तोपर्यंत हाकेला येणे, मेंढरांतून आणि गुरांतून शांतपणे चालणे, आणि टाकलेली वस्तू उचलून आणणे एवढेच शिकवायचे. यालाच ‘रुळवणे’ हा शब्द नेमका बसतो. खोंड जसा औताला रुळतो, तसे हे आहे.

वस्तू उचलून आणण्यातली एक गोष्ट सांगते, कारण तिच्यासाठी मराठीत सुंदर शब्द आहे. पिल्लू गोणपाटाची गुंडाळी तोंडात धरून येते, पण हाताच्या अंतरावर आले की बाजूने निसटते आणि शेपूट हलवत आपल्याभोवती गोल फिरू लागते. त्या वेळी झडप घालून गुंडाळी हिसकावली, तर ते ‘हुलकावणी द्यायला’ शिकते आणि ही खोड पुढे जात नाही. आपण खाली बसावे, त्याच्याकडे पाठ करावी, ते मांडीला येऊन टेकले की आधी गळ्याखाली खाजवावे आणि गुंडाळी सर्वांत शेवटी घ्यावी. त्या आठवणींतल्या कुत्र्याने ससा जिवंत हातात आणून दिला असा उल्लेख असेल, तर ‘मऊ तोंडाचा कुत्रा’ असे शब्दाला शब्द भाषांतर करू नये. मराठीत त्याला अर्थ नाही. ‘दात न लावता आणतो’ असे लिहावे.

आणखी एक. ‘कुत्रा सोडणे’, ‘कुत्रा मागे लावणे’ आणि ‘कुत्रा अंगावर घालणे’ हे तीन वेगळे प्रकार आहेत. अंगावर घालण्यात वैर आहे. येथे ‘सोडणे’ हवे.

टिळकवाडीकर :
ताई, मन:पूर्वक आभार. ‘हुलकावणी’ मी तसाच्या तसा घेत आहे, कारण प्रकरणात नेमके तेच वर्णन आहे. लेखक आणखी असेही सांगतो की, ससा निसटला की दिवा ताबडतोब बंद करावा, नाहीतर तरुण कुत्रा झोतातच इकडेतिकडे हुंगत राहतो आणि हाकेला परत येत नाही. तेथे मी ‘दिवा मालवावा’ असे लिहिले आहे.

निपाणीकर :
मालवतात ती समई किंवा कंदील. बटणाचा दिवा बंद करतात.

खानापूरकर गुरुजी :
निपाणीकरांशी मी सहमत आहे. टिळकवाडीकर, आपण मूळ प्रश्नावर काय ठरवले?

टिळकवाडीकर :
‘अंग चोरून बसलेला’ हा प्रयोग मी घेतला आहे, पण ‘दबा’ शब्दाचा मोह सुटत नाही, आणि त्याला एक कारण आहे. या कुत्र्यांच्या प्रकाराला इंग्रजीत ‘लर्चर’ म्हणतात. पळणाऱ्या जातीचा ग्रेहाउंडसारखा कुत्रा आणि मेंढपाळाचा किंवा टेरियर जातीचा कुत्रा यांचा तो संकर असतो. त्या नावाच्या मुळाशी लपतछपत, चोरून वावरण्याचा अर्थ आहे, कारण दुसऱ्याच्या रानात चोरून शिकार करणाऱ्यांचा हा कुत्रा होता.

खानापूरकर गुरुजी :
मग दबा कुत्र्याच्या नावात आहे, सशाच्या बसण्यात नाही. माझे म्हणणे यातून अधिकच पक्के होते.

शहापूरकर :
‘संकर’ या शब्दाऐवजी ‘मिश्र जातीचा’ असे लिहावे, अशी माझी सूचना आहे.

टिळकवाडीकर :
शेवटची एक अडचण. कुत्र्याची दोरी साधी नसते. तिचे एक टोक मनगटाला असते, दुसरे टोक कुत्र्याच्या गळ्याशी ओवून पुन्हा मुठीत धरतात. मूठ उघडली की दोरी सरकून निघते आणि कुत्रा त्याच क्षणी मोकळा होतो. याला ‘सुरगाठ’ म्हणावे काय?

जांबोटीकर ताई :
यात गाठच नाही. सुरगाठ ओढली की सुटते आणि ही नुसती मूठ सैल केली की सुटते.

निपाणीकर :
दावे खुंट्याला असते आणि कासरा हातात असतो. हातातली दोरी म्हणून ‘कासरा’ जवळचा वाटतो.

खानापूरकर गुरुजी :
कासरा बैलाला वळवण्यासाठी असतो, सोडण्यासाठी नव्हे. मला ‘दुपदरी दोरी’ असे वर्णनच बरे वाटते.

जांबोटीकर ताई :
टिळकवाडीकर, मुळात पाहून एवढे सांगा की, ती दोरी पट्ट्याच्या कडीतून ओवतात की पट्टा न घालता नुसत्या मानेभोवती घेतात. रात्री पळणाऱ्या कुत्र्याच्या गळ्यात पट्टा ठेवला तर तो काटेरी तारेत अडकण्याची भीती असते, म्हणून पट्टा नसेल असा माझा अंदाज आहे. तसे असेल, तर ‘कडी’ हा शब्द तुमच्या वाक्यात येताच कामा नये.