सत्तरच्या दशकातील तिसरा मराठी चित्रपट कोणता घ्यावा?

साखरपेठकर
सोलापुरात आमच्या पेठेतील वाचनालयात दिवाळीनंतर सलग तीन शनिवारी त्या दशकातील मराठी चित्रपट दाखवायचे ठरले आहे. 'सामना' आणि 'सिंहासन' निश्चित आहेत. निम्मे प्रेक्षक तेलुगू बोलणाऱ्या घरांतील आहेत. मराठी सर्वांनाच समजते, परंतु केवळ संवादांवर चालणारे तीन चित्रपट वयस्कर मंडळी शेवटपर्यंत पाहतील का, ही शंका आहे. तिसरा कोणता घ्यावा?

जुना प्रेक्षक
'पिंजरा' (1972) घ्यावा, आणि तोच सर्वांत आधी दाखवावा. डॉ. श्रीराम लागू आणि निळू फुले तिन्ही चित्रपटांत आहेत. 'पिंजरा'त तमाशातील नर्तकीपायी स्वतःचे नावही गमावून बसणारे लागूंचे आदर्श मास्तर 'सामना'त पुन्हा मास्तर म्हणूनच येतात, मात्र दारूच्या आहारी गेलेले. आणि 'सिंहासन'मध्ये (1979) तेच लागू मुख्यमंत्रिपदावर डोळा ठेवून असलेले अर्थमंत्री होतात. निळूभाऊंचा प्रवास उलटा आहे. 'सामना'तील साखरसम्राट हिंदुराव पुढे 'सिंहासन'मध्ये सत्तेचा खेळ हताशपणे पाहणारा पत्रकार दिगू होतो. हा क्रम मोडू नये.

उजनीकाठ
क्रमाची कल्पना चांगली आहे, पण 'पिंजरा' मला फार भडक वाटतो. शिवाय त्याचे बीज 1930 च्या एका जर्मन चित्रपटातले. त्यापेक्षा 'जैत रे जैत' (1977) घ्यावा. गो. नी. दांडेकरांची कादंबरी, ना. धों. महानोरांचे शब्द, हृदयनाथ मंगेशकरांचे संगीत आणि स्मिता पाटील. गाण्यांतूनच पुढे सरकणारी ही ठाकरांची कथा भाषेपाशी कुणालाच अडवणार नाही. तिन्ही चित्रपट जब्बार पटेलांचे होतील, हा आक्षेप कोणी घेईल. त्यांचा जन्म पंढरपूरचा, तेव्हा जिल्ह्याने एवढा पक्षपात करायला हरकत नाही! 'सामना'बद्दल मात्र निश्चिंत राहा. उसाच्या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हिंदुराव समजावून सांगावा लागत नाही, आणि मारुती कांबळेचे काय झाले, हे कळेपर्यंत कोणी उठत नाही.

हसरा
विनोदी एकही नाही? दादा कोंडके यांचा 'सोंगाड्या' (1971) वगळून त्या दशकाची यादी कशी पुरी होते?

साखरपेठकर
आक्षेप मान्य; 'सोंगाड्या'साठी चौथा शनिवार मागून पाहतो. तिसरा चित्रपट 'पिंजरा'च, आणि तोही पहिल्या दिवशी. त्यातील गाणी आमच्याकडील आजोबांना पाठ आहेत, त्यामुळे पुढील दोन कृष्णधवल चित्रपटांना ते निदान येऊन तरी बसतील. 'जैत रे जैत' उन्हाळ्यात, गच्चीवर दाखवू.